मुंबईत शहापूर धरायचं का?

ठाणे जिल्ह्याचे तालुके सात. १ ऑगस्ट २०१४ला पालघर वेगळा निघाला तेव्हा वाट्याला उरले ते ठाणे, कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ, भिवंडी, शहापूर आणि मुरबाड. पहिल्या पाच तालुक्यांत मुंबई महानगर प्रदेश पोचलेला आहे. शेवटचे दोन बाहेर. २०१६ ते २०३६ या वीस वर्षांसाठी केलेल्या प्रादेशिक आराखड्याचा नकाशा समोर ठेवला की ही हद्द दिसते. मग तोच नकाशा घेऊन कसारा लोकलमध्ये बसावं. टिटवाळा गेलं, खडवली आलं, इथवर आपण महानगरात. पुढचंच स्टेशन वासिंद, आणि तिथे महानगर संपलेलं असतं. गाडी मात्र थांबत नाही. ती आसनगाव, आटगाव, खर्डी करत कसाऱ्याला जाते, मुंबईपासून १२१ किलोमीटरवर, आणि एवढा सगळा वेळ ती ‘मुंबई उपनगरीय’ गाडीच असते.

म्हणजे रेल्वेच्या लेखी कसारा उपनगर आहे, नियोजनाच्या लेखी वासिंदही महानगरात नाही. यांत चूक कोणाचीच नाही. दोघांनी वेगळे प्रश्न विचारले, म्हणून उत्तरं वेगळी आली. महानगरांची तुलना करणाऱ्या बहुतेक याद्या वाचताना आपण नेमकं हेच विसरतो. ‘मुंबईची लोकसंख्या किती?’ या प्रश्नाआधी ‘कोणती मुंबई?’ हा प्रश्न सोडवावा लागतो.

तो सोडवायला २०११च्या जनगणनेइतकी दुसरी चांगली जागा नाही. तिच्यात मुंबई महापालिकेची लोकसंख्या १ कोटी २४ लाख आहे. ‘बृहन्मुंबई नागरी समूह’ नावाची दुसरी नोंद आहे, ती १ कोटी ८३ लाख ९४ हजार ९१२. हा दुसरा आकडा कशाकशाची बेरीज आहे ते उलगडून पाहिलं तर मजा येते. मुंबई, ठाणे, कल्याण-डोंबिवली, नवी मुंबई, मीरा-भाईंदर, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर. बस्स. या आठ शहरांची लोकसंख्या मिळवली की शेवटच्या अंकापर्यंत तोच आकडा येतो. यात वसई-विरार नाही, भिवंडी नाही, पनवेलही नाही. बारा लाखांहून जास्त वस्तीचं वसई-विरार देशातल्या दहा लाखांवरच्या शहरांच्या यादीत स्वतंत्र शहर म्हणून बसलं आहे, जणू विरारची लोकल सकाळी रिकामीच येते!

असं का झालं? आपल्या जनगणनेची व्याख्या सलग बांधकामावर उभी आहे. एक शहर आणि त्याला चिकटून झालेली वाढ, किंवा एकमेकांना लागून असलेली दोन किंवा जास्त शहरं, म्हणजे नागरी समूह. त्यात निदान एक तरी वैधानिक शहर हवं आणि एकूण वस्ती किमान २० हजार हवी. ‘लागून’ हा शब्द इथे सगळं ठरवतो. नवी मुंबई खाडीपलीकडची खरी, पण कळव्याकडून ठाण्याला जमिनीनेच जोडलेली, म्हणून आत आली. वसई आणि भाईंदरच्या मध्ये खाडी आडवी आली. भिवंडीचंही तसंच. माणसं खाडी ओलांडून रोज येतात-जातात, पण व्याख्येला होडी, पूल, लोकल यांतलं काही दिसत नाही. तिला फक्त इमारतीला लागून इमारत दिसते.

या व्याख्येने शहापूर-मुरबाडचा प्रश्न निकालातच निघतो. टिटवाळ्यापुढे भातखाचरं आहेत, रान आहे, माहुलीचा डोंगर आहे. शहापूर तालुका दीड हजार चौरस किलोमीटरहून मोठा, म्हणजे मुंबई शहर आणि उपनगर हे दोन्ही जिल्हे मिळून जितके होतात त्याच्या दुपटीहून जास्त. २०११मध्ये तिथे तीन लाखांवर माणसं होती, मुरबाडला दोन लाखांच्या आत. दोन्हीकडे दर चौरस किलोमीटरला दोनशेच्या आसपास माणसं. जनगणना एखाद्या गावाला ‘शहर’ म्हणायला तीन अटी लावते: वस्ती ५ हजार, घनता चौरस किलोमीटरला ४०० आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी ७५ टक्के शेतीबाहेरच्या कामावर.

शेवटची अट पुन्हा वाचावी. पुरुषांपैकी. बायकांचं काम या हिशेबात येतच नाही. शहापुरातल्या एखाद्या घरात नवरा भिवंडीच्या गोदामात, थोरला आसनगावच्या कारखान्यात आणि आवण काढण्यापासून लावणी-कापणीपर्यंत सगळी शेती बायकोच्या अंगावर असेल, तर जनगणनेच्या लेखी ते घर गावाला शहराकडे ढकलतं. शेती तिथेच असते, पीकही निघतं, फक्त ती करणारी मोजणीत नसते. मला ही अट पहिल्यापासून खटकते. तिच्यामुळे कोकणातली कितीतरी गावं जितकी शहरी नाहीत तितकी कागदावर शहरी होतात.

शहर होण्याचा एक दुसराही मार्ग आहे, तो म्हणजे सरकारी अधिसूचना. महाराष्ट्राने २०१५च्या सुमारास तालुक्यांच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती केल्या, त्यात शहापूर आणि मुरबाड आले. नगरपंचायत म्हणजे वैधानिक शहर. तिथे ७५ टक्के पुरुष वगैरे काही पाहत नाहीत. आदल्या दिवशी गाव, दुसऱ्या दिवशी शहर. ग्रामीण योजना गेल्या, घरपट्टीची चिंता आली, आणि देशाच्या नागरी लोकसंख्येत काही हजारांची भर पडली. एकही माणूस जागचा हललेला नसतो.

घटनेतलं महानगर आणखी वेगळं. ७४व्या घटनादुरुस्तीने दिलेली व्याख्या अशी: दहा लाख किंवा जास्त वस्तीचं, एका किंवा अनेक जिल्ह्यांत पसरलेलं, दोन किंवा जास्त नगरपालिका, पंचायती अथवा लगतचे भाग मिळून झालेलं आणि राज्यपालांनी अधिसूचनेने जाहीर केलेलं क्षेत्र. यात पंचायतीही चालतात, म्हणजे खेड्यांना दार उघडं आहे. पण याच भागात पुढे अनुच्छेद २४३-झेडसी आहे. तो सांगतो की हा भाग अनुसूचित क्षेत्रांना आपोआप लागू होत नाही, संसदेने कायदा करावा लागतो. शहापूर तालुका पाचव्या अनुसूचीतलं अनुसूचित क्षेत्र आहे, मुरबाडमधलीही बरीच गावं आहेत. ठाकूर, कातकरी, कोळी महादेव, वारली यांच्या जमिनीला जे संरक्षण आहे, त्याची कड महानगराच्या व्याख्येला अशी येऊन भिडते.

आता बाहेर डोकावू. अमेरिका महानगर ठरवताना इमारती पाहून थांबत नाही, माणसं कामाला कुठे जातात ते बघते. मध्ये किमान ५० हजारांचा दाट नागरी गाभा हवा. मग आजूबाजूच्या ज्या काउंटीतले २५ टक्के नोकरदार गाभ्याच्या काउंटीत कामाला जातात, किंवा जिथल्या २५ टक्के नोकऱ्या गाभ्यातून येणाऱ्यांकडे आहेत, त्या काउंटी महानगरात. कॅनडा कडक आहे, तिथे पन्नास टक्के लागतात. युरोपीय संघ आणि ओईसीडी यांनी पंधरा टक्के धरले. फ्रान्सची गंमत अशी की तिथे आधी चाळीस टक्क्यांची अट होती, २०२०मध्ये ती पंधरावर आणली. काही गावं त्यामुळे महानगराच्या प्रभावक्षेत्रात आली, ज्यांना त्याचा पत्ताही नसेल. आणि जपान? तिथल्या जनगणनेच्या ‘महानगर क्षेत्रा’साठी आसपासच्या नगरपालिकेतले दीड टक्के रहिवासी मध्यवर्ती शहरात कामाला किंवा शिकायला जात असले की पुरे. दीड टक्के! तेही एकूण रहिवाशांच्या, विद्यार्थी धरून.

हे आकडे एका ओळीत ठेवले की टोकियो इतकं अवाढव्य का दिसतं ते उमगतं. तिथली वस्ती खरोखर प्रचंड आहेच, पण जाळंही बारीक छिद्रांचं आहे.

हीच जाळी शहापूरवर टाकून पाहू. तालुक्याची २०११ची लोकसंख्या ३ लाख १४ हजार धरली तर दीड टक्के म्हणजे सुमारे ४,७०० माणसं. तेवढे लोक रोज वासिंद, आसनगाव, खर्डी, कसाऱ्याहून मुंबईच्या पोटात जातात का? सकाळी आसनगावच्या पुलावर उभं राहून खालचा फलाट ज्याने पाहिला आहे, तो या प्रश्नाला हसेल. विद्यार्थी धरले, कल्याण-ठाण्याची कॉलेजं धरली, की जपानी नियमाने शहापूर मुंबईत येऊन पडण्याची शक्यता दांडगी. अमेरिकी नियमाने तालुक्यातल्या दर चार कामकऱ्यांपैकी एक गाभ्यात जायला हवा. वासिंद-आसनगावचा पट्टा तिथवर पोचत असेल, पण डोळखांब, किन्हवलीकडची गावं हिशेबात आली की टक्का खाली येणार. कॅनडाच्या नियमाने तर विषयच संपला. एकच तालुका, तीच माणसं, तीच लोकल. टोकियोच्या फूटपट्टीने मुंबईत, ओटावाच्या फूटपट्टीने रानात.

फूटपट्टीइतकाच तिच्यावरचा एक खूण-भाग किती मोठा, यालाही महत्त्व आहे. अमेरिकेत सगळी मोजणी काउंटीच्या तुकड्यांनी होते. लॉस एंजेलिसशेजारची सॅन बर्नार्डिनो काउंटी सुमारे ५२ हजार चौरस किलोमीटरची, आपला कोकण विभाग सुमारे ३० हजारांचा. काउंटीच्या एका कोपऱ्यातली माणसं शहरात कामाला जातात म्हणून सगळं वाळवंट नेवाडाच्या सीमेपर्यंत ‘महानगर’ होतं. आपल्याकडे तालुका हा तुकडा धरला तर तानसा अभयारण्य आणि माहुलीचा किल्ला मुंबईत येतील. गाव हा तुकडा धरला तर महामार्ग आणि रेल्वेच्या कडेने एक अरुंद पट्टी येईल. चीनमधलं चोंगचिंग ‘जगातलं सगळ्यात मोठं शहर’ म्हणून मधूनमधून फिरवलं जातं, त्याचं रहस्य हेच. ३ कोटी २० लाख लोक खरे, पण हद्द ८२ हजार चौरस किलोमीटरची, जवळपास ऑस्ट्रियाएवढी, आणि तिच्यात शेतं, डोंगर, हजारो खेडी. महाराष्ट्राच्या चतुर्थांशाहून मोठा मुलूख एका नावाखाली घातला तर कोणतंही शहर मोठं दिसेल.

या गोंधळावर उपाय म्हणून २०२०मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने एक समान पद्धत मान्य केली. युरोपीय आयोग, ओईसीडी, जागतिक बँक अशा सहा संस्थांनी मिळून ती तयार केली आहे. देशांच्या हद्दी बाजूला ठेवायच्या आणि पृथ्वीवर एक चौरस किलोमीटरच्या चौकोनांची जाळी टाकायची. ज्या चौकोनांत दीड हजारांहून जास्त माणसं आहेत आणि जे एकमेकांना लागून आहेत, ज्यांची मिळून ५० हजारांची वस्ती भरते, ते शहर. तीनशेच्या वरचे आणि पाच हजारांचा पुंजका करणारे, ती गावं-नगरं. उरलेलं ग्रामीण. २०२५च्या जागतिक नागरीकरण अहवालात ही पद्धत वापरली आणि यादी उलटीपालटी झाली. २०१८च्या अहवालात टोकियो ३ कोटी ७४ लाखांनी पहिलं होतं, जकार्ता एक कोटीच्या जरा वर, पहिल्या विसांतही नाही. नव्या मोजणीत जकार्ता जवळपास ४ कोटी २० लाखांवर जाऊन पहिलं, ढाका दुसरं, टोकियो तिसरं. सात वर्षांत जकार्तात तीन कोटी माणसं जन्मली नाहीत. ती आधीपासूनच तिथे राहत होती, दुसऱ्या जिल्ह्यांच्या नावावर.

दिल्ली-मुंबईच्या नेहमीच्या भांडणालाही हे लागू आहे. २०११च्या जनगणनेत दिल्ली नागरी समूह १ कोटी ६३ लाख, मुंबईहून लहान. गाझियाबाद आणि फरीदाबाद परराज्यातली म्हणून वेगळी मोजलेली. संयुक्त राष्ट्रांनी २०१८मध्ये ही सीमेपलीकडची शहरं दिल्लीत धरली आणि दिल्ली २ कोटी ८५ लाखांवर गेली. मुंबईचा आकडा मात्र वसई-विरारला बाहेर ठेवून २ कोटींच्या आसपास राहिला. महानगर प्रदेश घेतला असता तर २०११मध्येच तो सव्वादोन कोटींच्या पुढे होता. ‘दिल्लीने मुंबईला मागे टाकलं’ असे मथळे तेव्हा छापून आले. मागे टाकलंही असेल, पण दोघींना वेगवेगळ्या काट्यांवर तोलून ते सिद्ध होत नाही.

आपण अमेरिका-जपानसारखी प्रवासावरून मोजणी करून मोकळे का होत नाही? इथे खरी अडचण आहे, आणि ती तत्त्वाची नाही, एका रकान्याची आहे. २०११च्या जनगणनेत शेती आणि घरगुती उद्योग सोडून इतर काम करणाऱ्यांना दोन गोष्टी विचारल्या: कामाचं ठिकाण घरापासून किती किलोमीटर, आणि कशाने जाता. पायी, सायकल, मोटरसायकल, बस, रेल्वे वगैरे. कुठे जाता, हे विचारलं नाही.

समजा, कसाऱ्याच्या एका माणसाने सांगितलं, ‘६६ किलोमीटर, रेल्वे.’ तो कुठे जातो? कसाऱ्याहून कल्याण रेल्वेने साधारण तेवढंच लांब आहे, आणि थळ घाट चढून नाशिक रोडही साधारण तेवढंच. त्या उत्तरावरून कसारा मुंबईचं उपनगर की नाशिकचं, हे कोणालाही सांगता यायचं नाही. छापलेल्या तक्त्यात तर ५१ किलोमीटरच्या पुढचे सगळे एकाच रकान्यात आहेत. एवढा खटाटोप करून माणसाला दार उघडायला लावलं, रेल्वेने जातो इथवर विचारलं, आणि गाडी वर जाते की खाली, तेवढं विचारायचं राहिलं. ही मोजणी करणाऱ्यांची काटकसर मला आजवर कळलेली नाही.

शिवाय रोजची नोकरी हा शहराशी असलेल्या नात्याचा एकच प्रकार. दसऱ्याच्या आदल्या दिवशी पहाटे दादरच्या फुलबाजाराबाहेर फुटपाथवर बसलेल्या बायका पाहाव्यात. आपट्याच्या फांद्या, भाताच्या लोंब्या, पळसाची पानं, कुर्डू, झेंडूच्या माळा. यांतल्या पुष्कळजणी कसारा-खर्डीकडच्या पाड्यांवरून आदल्या रात्रीच्या लोकलने, मालडब्यात भारे रचून आलेल्या असतात. रात्र तिथेच फुटपाथवर काढायची, माल संपला की परत. पावसाळ्यात रानभाज्या, श्रावणात पत्री. यांना ‘नोकरदार’ म्हणायचं की नाही? कोणत्याच देशाच्या फॉर्ममध्ये यांच्यासाठी रकाना नाही.

वीटभट्टीचंही तसंच. मुरबाड-शहापुरातली कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर बयाणा घेऊन भट्टीवर जातात, पोराबाळांसकट, आणि पाऊस जवळ आला की परततात. त्यांनी थापलेल्या विटांनी कल्याण-डोंबिवलीच्या कितीतरी भिंती उभ्या राहिल्या. जनगणनेची शिरगणती २०११मध्ये फेब्रुवारीत झाली, म्हणजे भट्ट्या ऐन भरात असताना. हे लोक तेव्हा घरी नसतात. महानगर बांधणारे मोजले जातात ते भट्टीशेजारच्या खोपटात.

आणि पाणी. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांची एकूण साठवण १४ लाख ४७ हजार ३६३ दशलक्ष लिटर. त्यातलं ७ लाख १७ हजार ३७ एकट्या भातसाचं, १ लाख ४५ हजार ८० तानसाचं. दोन्ही धरणं शहापूर तालुक्यातली. साठवणीच्या दर पाच लिटरमागे जवळजवळ तीन लिटर इथले. तानसाचं धरण १८९२चं, म्हणजे हे नातं लोकल कसाऱ्याला जायला लागली त्याच्या कितीतरी आधीचं. त्याच शहापुरात एप्रिल-मेमध्ये पाड्यांवर टँकर फिरतात, आणि तालुक्यातल्या गावांसाठी योजना मंजूर झाली तीही नाशिक जिल्ह्यातल्या भावली धरणातून पाणी आणायची. मुरबाडकडे बारवी धरण आहे, औद्योगिक विकास महामंडळाचं. उंची वाढवली तेव्हा पाणी मुरबाडच्या गावांत शिरलं, आणि ते जातं खालच्या शहरांना. नोकरीऐवजी पाण्यावरून महानगर ठरवायची पद्धत असती, तर या दोन तालुक्यांना बाहेर ठेवायची छाती कोणाला झाली नसती.

मग हे तालुके मुंबईत घ्यायचेच का? माझं उत्तर, मोजणीसाठी घ्या, कारभारासाठी घाई नको. या दोन गोष्टी सरसकट एक धरल्या जातात आणि तिथेच घोळ होतो. महानगर प्रदेशात नाव लागलं की आराखडे येतात, जमिनींचे भाव चढतात, बिल्डरांचे फलक उभे राहतात. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा जून २०२५मध्ये सुरू झाला, तो शहापूर तालुक्यातूनच जातो, त्याने जे व्हायचं ते सुरू झालंच आहे. अनुसूचित क्षेत्राचं कवच महानगराच्या नावाखाली पातळ होणं हे कोणा सांख्यिकाच्या टक्केवारीवर ठरू नये. पण किती माणसं कुठून कुठे जातात, हे माहीत असायला काय हरकत? त्यावरून गाड्या, एसटी, दवाखाने यांची गणितं बसतील, आणि मुंबईची न्यूयॉर्कशी तुलना करताना दोन्हीकडे एकच काटा असेल.

यासाठी जनगणनेच्या फॉर्मची वाट पाहायचीही गरज नाही. लोकलच्या पासावर दोन स्टेशनांची नावं असतात, कुठून आणि कुठपर्यंत, आणि ती रेल्वेच्या संगणकात दर महिन्याला साठतात. वासिंद ते ठाणे, आसनगाव ते घाटकोपर, खर्डी ते कल्याण. जपानची जनगणना जे विचारते ते नेमकं हेच. नावं झाकून, फक्त स्टेशनांच्या जोड्या आणि त्यांची संख्या प्रसिद्ध केली तरी शहापूरचा निकाल एका दुपारीत लागेल.

मुरबाडचा लागणार नाही. तिथे रेल्वे नाही. कल्याण-मुरबाड मार्गाची मागणी जुनी आहे, मंजुरीच्या बातम्याही येऊन गेल्या. तोवर तिथला माणूस एसटीने, जीपने नाहीतर मोटरसायकलने कल्याण गाठतो आणि मग तिथून पास काढतो. त्या पासावर सुरुवातीचं स्टेशन म्हणून कल्याण लिहिलेलं असतं.